आठ पोरी, दोन खोल्या आणि एक गच्ची

पत्र थोडक्यात असं: परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका ताईंनी लिहिलंय. लेक यंदा पाचवीत जाणार, मेच्या सुरुवातीला तिचा वाढदिवस. जानेवारीत वर्गातल्या एका मैत्रिणीकडं 'स्लीपओव्हर' झाला, हॉलमध्ये छोटे तंबू, सगळ्यांना एकसारखे नाइट ड्रेस, भिंतीवर प्रोजेक्टर, खेळ घ्यायला पैसे देऊन बोलावलेली एक मुलगी आणि जाताना प्रत्येकीला पिशवी भरून गिफ्ट. तेव्हापासून लेकीचं एकच चालू आहे, माझ्या वाढदिवसाला पण सगळ्या राहायला येणार. आठ जणींची यादी तयार आहे. ताईंचं घर दोन खोल्यांचं, वर गच्ची, नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी, मिस्टरांचं मोबाइल रिपेअरिंगचं छोटं दुकान आणि ह्या कार्यक्रमासाठी हाताशी दीड हजार रुपये. सासूबाई म्हणतात, "लोकाच्या लेकरायला रातभर कामून ठिवून घ्यायचं? काही झालं तर कोन जिम्मेदार?" मिस्टर म्हणतात, त्यापेक्षा संध्याकाळी सगळ्यांना हॉटेलात नेऊ आणि मोकळं होऊ. ताईंचा प्रश्न: रात्रभर पुरतील असे कमी पैशातले खेळ सांगा, पोरी बोअर झाल्या तर शाळेत जाऊन हसतील. नेटवरून काढलेली खेळांची यादीपण त्यांनी सोबत पाठवलीय.

ताई, तुमचं पत्र वाचताना एक गोष्ट लगेच दिसली. खेळांबद्दल त्यात चार ओळी आहेत आणि त्या दुसऱ्या घरातल्या कार्यक्रमाबद्दल दीड पान. तंबू कुठल्या रंगाचे होते, नाइट ड्रेसवर कुठलं कार्टून होतं, पिशवीत काय काय निघालं, सगळं पाठ आहे तुम्हाला. म्हणजे तुम्ही खेळ शोधताय असं मला वाटत नाही, तुम्ही त्या घराला उत्तर शोधताय. आणि त्याला दीड हजारात उत्तर नाही, पंधरा हजारातपण नाही, कारण मग तिसरी आई अजून काहीतरी करते आणि चौथी अजून काहीतरी. राग मानू नका, तुमच्या जागी कुणीही असतं तरी मनात हेच आलं असतं, लहान गावात कुणाच्या घरी काय झालं ते दुसऱ्या दिवशी गिरणीवर दळणाच्या रांगेत कळतं आणि त्याचं ओझं येतं हे खरंय. पण त्या बाकीच्या सात आयांचा पण विचार करा जरा, त्यांच्या पोरीपण जानेवारीपासून तेच मागत असणार. तुम्ही साधं केलंत तर त्या नावं ठेवणार नाहीत, सुटकेचा श्वास सोडतील.

तर आधी लेकीला एक विचारा. 'तुला काय काय पाहिजे' असं नका विचारू, त्याची यादीच येणार. असं विचारा की तिथं त्या रात्री तुम्हाला सगळ्यात जास्त हसू कधी आलं? माझा अंदाज, ती प्रोजेक्टरचं नाव घेणार नाही. ती सांगेल की लाइट बंद केल्यावर कुणीतरी झोपेत बडबडलं, नाहीतर काकू 'झोपा गं आता' म्हणून दटावून गेल्या आणि मग सगळ्याजणी उशीत तोंड खुपसून हसल्या. दहा वर्षांच्या पोरीला मैत्रिणीकडं राहायचं असतं ते ह्याच्यासाठी. घरच्यांशिवायची रात्र कशी असते ते बघायचं असतं, बाकी सगळी वरची सजावट. आणि समजा ती म्हणालीच की नाही, मला तंबूच पाहिजे, तर करा की तंबू, गच्चीवर कपडे वाळत घालायच्या दोरीवर सासूबाईंचं जुनं लुगडं टाका, खालच्या कडांवर विटा ठेवा, झाला. लुगडं नऊवारी असतं, दोन तंबू निघतात.

दुसरी गोष्ट, 'रात्रभर पुरतील असे खेळ'. रात्रभर खेळ लागतच नाहीत हो. हिशोब बघा, पोरी साडेपाचला येतील, आठला जेवतील, दहा वाजले की त्यांना तुम्ही खोलीत नकोच असता. म्हणजे तुम्ही पुढाकार घेऊन खेळवायचा वेळ फार तर तीन तास, त्यात पण मधूनमधून त्या आपल्याआपणच काहीतरी काढतात. ह्याच्यापुढं खेळाची तयारी केली की उलटं होतं, एक संपला की 'काकू आता काय' असं तोंडाकडं बघत बसतात. दहा मिनिटं कंटाळल्या तर कंटाळू द्या, तिथूनच त्यांचा स्वतःचा खेळ सुरू होतो.

आणि आठ जणी नको. आठ म्हणजे तुमची धरून नऊ, दोन खोल्या आणि एक बाथरूम, त्यात पाणी मोजून. शिवाय नऊजणींत तट पडतात, एक कोपऱ्यात रुसून बसते आणि तुमची रात्र तिची समजूत घालण्यात जाते. पाच बोलवा, तुमची धरून सहा, सहा म्हणजे दोन-दोनच्या जोड्या पण होतात आणि तीन-तीनचे संघ पण. ज्या तिघींना रात्री नाही बोलावलं त्यांचं वाईट वाटेल ही भीती असेल तर केक संध्याकाळी सगळ्यांसोबत कापा आणि राहायला पाचजणी, पण हे आधीच स्पष्ट सांगा, ऐनवेळी नाही. मिस्टरांचा हॉटेलचा विचार वाईट नाही, सोपाच आहे, पण नऊ पोरी, डोसा, आइस्क्रीम, त्यात कुणाला पनीर पाहिजे, दीड हजार तिथंच संपतात आणि लेकीला जे पाहिजे होतं ते राहूनच जातं. एक मधला रस्ता पण आहे, रात्री दहापर्यंत सगळं करायचं आणि मग आईवडिलांनी येऊन न्यायचं. ज्यांच्या घरी जागा अगदीच नाही किंवा कुणी आजारी आहे त्यांनी तो बेशक घ्यावा. तुमच्याकडं गच्ची आहे आणि मेचा महिना आहे, तुम्ही कशाला घेता?

आता तुमची ती नेटवरची यादी. पाण्याचे फुगे पहिल्यांदा खोडा. २०१६ च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, त्या आपल्या भागात मे महिन्यात पाण्याचे फुगे फोडायचे म्हणजे शेजारीपाजारी वर्षभर बोलतील, आणि बरोबरच बोलतील. पिठाच्या ताटात तोंड घालून नाणं काढायचा खेळ, तोही नको, सहाजणींची तोंडं एकाच ताटात आणि वर सासूबाईंसमोर अन्नाची नासाडी. टॉयलेट पेपर गुंडाळून ममी करायचा खेळ वाचून मला हसूच आलं, म्हणजे आधी तो कागद विकत आणायचा आणि मग वाया घालवायचा! पण खेळ भारी आहे, फक्त कागदाच्या जागी जुन्या साड्या-ओढण्या द्या. तिघीतिघींचे दोन संघ, एक उभी राहणार, दोघी तिला पायापासून खांद्यापर्यंत गुंडाळणार, गळा आणि तोंड मोकळं ठेवायचं हा नियम पक्का, आणि गुंडाळून झाल्यावर त्या ममीनं दारापर्यंत चालत जाऊन परत यायचं. बघा कसा गोंधळ होतो.

खजिना शोधायचा खेळ यादीत आहे तो ठेवा, त्यासाठी काहीच विकत आणायला लागत नाही. चिठ्ठीवर 'कपाटामागं बघा' असं नका लिहू, कोडं लिहा. 'तोंड आहे पण बोलत नाही, उन्हाळ्यात घाम येतो पण थकत नाही', म्हणजे माठ, माठाखाली दुसरी चिठ्ठी. 'दात आहेत पण चावत नाही', म्हणजे फणी. 'सूपभर लाह्या, मधी रुपया' हे तर सासूबाईंना विचारा, चांदण्या आणि चंद्र, म्हणजे गच्चीवर पळा. सात-आठ चिठ्ठ्या पुष्कळ झाल्या. शेवटी खजिना म्हणून काय ठेवायचं, तर डब्यात भेळेचं सामान, मुरमुरे, फरसाण, कांदा, कैरी, चिंचेचं पाणी, आणि भेळ त्यांनीच कालवायची.

वेळेप्रमाणं कसं लावायचं ते सांगते. आल्या आल्या पळायचे खेळ, कारण पोरी नवीन घरात पहिला अर्धा तास लाजतात आणि पळापळी झाल्याशिवाय ती लाज जात नाही. सातच्या आतबाहेर अंधार पडतो, तोपर्यंत अंगणात नाहीतर गल्लीत डबडा ऐसपैस, लगोरी, विष-अमृत, काय येईल ते. लगोरीला फरशीचे सात तुकडे आणि वीस-तीस रुपयांचा प्लास्टिकचा बॉल. फक्त एक करू नका, 'चला, आज आपण आपले जुने पारंपरिक खेळ खेळू' असं जाहीर करू नका. असं म्हटलं की पोरींना वर्गात बसल्यासारखं वाटतं आणि त्या खेळातला जीवच जातो. 'आमच्यावेळी' हा शब्दच त्या रात्री घरात काढायचा नाही. तुम्ही नुसतं डबडं मधोमध ठेवा आणि म्हणा, कुणावर राज्य?

अंधार पडला की बसून खेळायचे. ह्यात माझा आवडता अष्टचंग, आणि ह्याची तयारी हाच अर्धा खेळ आहे म्हणून तो आधी करून ठेवू नका. चार मोठे चिंचोके पोरींच्या हातात द्या आणि फरशीवर एका बाजूनं घासायला सांगा. तपकिरी साल निघते, खाली पांढरं लागतं, घासताना बोटाला चटका बसतो आणि 'तुझा किती झाला, दाखव' असं चालू होतं. मग खडूनं जमिनीवर पाच बाय पाचचा पट आखायचा, मधल्या घरावर आणि चारही बाजूंच्या मधोमधच्या घरांवर फुली मारायची, ह्या फुलीच्या घरात कुणाला मारता येत नाही. चारी चिंचोके टाकले की जितके पांढरे वर तितकी घरं पुढं, चारी पांढरे आले तर चार, चारी तपकिरी आले तर आठ, आणि चार किंवा आठ पडले की परत एकदा टाकायला मिळतं. सोंगट्या म्हणून खडे, बटणं, तूरडाळ, काहीही चालतं, प्रत्येकीला चार. बाहेरच्या घरांतून उलट्या दिशेनं म्हणजे घड्याळाच्या विरुद्ध फिरायचं, दुसऱ्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आतल्या घरांत शिरायचं नाही, आत शिरलं की दिशा बदलते आणि शेवटी मधल्या घरात पोचायचं. नियमांत घरोघरी थोडा फरक असतो, त्यावरून भांडण होणार, होऊ द्या, सासूबाईंना पंच करा. सहाजणी असल्या तर दोन-दोनच्या तीन जोड्या, एक टाकणार आणि एक सोंगटी चालवणार. ह्यात तासभर कुठं जातो कळत नाही.

गजगे मिळाले तर आणा, म्हणजे सागरगोटे, काष्ठौषधीच्या दुकानात मिळतात, नाहीतर पाच गोल खडे. एक वर उडवायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचा एक उचलायचा आणि वरचा झेलायचा, मग दोन-दोन, मग तीन आणि एक, मग चारही एकदम. पोरींना पहिल्यांदा जमणार नाही. आणि मग सासूबाई खाली बसून एका हातानं चारही उचलून दाखवतील तेव्हा त्यांची तोंडं बघा. त्या गजग्यानं अजून एक होतं, फरशीवर जोरात घासून हाताला लावला की चांगलाच चटका बसतो, हे त्या शोधून काढणारच, फक्त गालाला लावायचं नाही एवढं सांगा.

कागद-पेनाचे खेळ तुम्हाला माहितीच आहेत, राजा-राणी-चोर-शिपाईला चार लागतात, सहाजणी असल्यात तर अजून दोन चिठ्ठ्या वाढवा, प्रधान म्हणा, सेनापती म्हणा, मार्क पोरींनाच ठरवू द्या. नाव-गाव-फळ-फूल मात्र जरा बदला, पाचवीतल्या पोरींना फळं-फुलं पाठ असतात. रकाने असे करा, परभणी जिल्ह्यातलं गाव, आईला राग येईल अशी गोष्ट, डब्यात नको असलेली भाजी, सरांचं नेहमीचं वाक्य. एकटीचंच उत्तर असेल तर दहा, दोघींचं सारखं आलं तर पाच-पाच. मी म्हणेन हा खेळ जेवणाची वाट बघताना घ्या, तुम्ही पुऱ्या तळत असताना आतून ओरडून भाग घेता येतो.

बक्षिसं विकत आणू नका. एकदा पेन-खोडरबरची बक्षिसं सुरू झाली की हरणारी मोजत बसते. त्याऐवजी जिंकणारीला हक्क द्या, झोपायची जागा पहिल्यांदा तिनं निवडायची, सकाळी पहिली बादली तिची, कैरीची पहिली फोड तिची. आणि घरी जाताना द्यायचंच असेल तर त्यांनीच घासलेले चिंचोके आणि खडूचा एक तुकडा जुन्या कापडाच्या पुरचुंडीत बांधून द्या, अष्टचंग त्या घरी जाऊन आईला शिकवतील.

मोबाइलचं आधीच ठरवा. मिस्टरांचं दुकानच मोबाइलचं, त्यामुळं घरात दोन-तीन तरी पडलेले असणार. एक टोपली ठेवा, रात्री आठनंतर सगळे फोन त्यात, तुमचा सोडून. फोटो काढा पण दुसऱ्याच्या पोरीचा फोटो तिच्या आईला विचारल्याशिवाय स्टेटसला लावू नका, झोपलेल्या पोरींचा तर नाहीच नाही.

जेवण साधं ठेवा, पुऱ्या आणि बटाट्याची भाजी, अर्धा किलोचा केक, रात्री ती भेळ, सकाळी सुशीला, म्हणजे भिजवून फोडणी दिलेले मुरमुरे, भेळेचेच चालतात. पाण्याचा एक जार जास्तीचा मागवून ठेवा. ह्या सगळ्यात दीड हजारातले चार-पाचशे उरायला हरकत नाही.

गच्चीवर नऊच्या आधी नेऊ नका, दिवसभर तापलेली फरशी तोवर पाय ठेवू देत नाही. सतरंज्या टाकल्या की टॉर्चचे खेळ, भिंतीवर हातांच्या सावल्या, कुत्रा, हरण, उडणारी घार, आणि लाइट गेली तर उत्तमच. मग गोष्टींची साखळी, एकीनं एक वाक्य, दुसरीनं पुढचं. भुताच्या गोष्टी निघणारच, बंदी घातली तर कुजबुजत निघतील आणि ते जास्त भीतीचं, म्हणून तुम्ही तिथं असतानाच निघू द्या आणि शेवटचं वाक्य नेहमी तुम्ही घ्या, त्यात भुताला जुलाब लावा नाहीतर त्याचं सासरी भांडण लावा. एखादी खरंच घाबरली असेल तर ती बोलणार नाही, पण तिचा हात शेजारणीच्या चादरीत गेलेला दिसेल, तेव्हा विषय बदला.

विषय बदलायला आभाळ आहेच वर. मेमध्ये रात्री उत्तरेला सप्तर्षी चांगले वर असतात, पतंग आणि त्याची शेपटी. शेपटीतल्या तीन ताऱ्यांपैकी मधला वसिष्ठ, त्याला अगदी चिकटून बारीक अरुंधती, कुणाला दिसते ह्याची पैज लावा, चष्मेवालीनं चष्मा लावूनच बघायचं. ध्रुव शोधायला एक सोपी युक्ती सांगते. हात सरळ पुढं करून मूठ धरली की आभाळात साधारण दहा अंश झाकतात, आणि ध्रुव आपल्या गावाच्या अक्षांशाएवढाच वर असतो. परभणी १९ अंशांच्या जरा वर, म्हणजे उत्तरेला क्षितिजापासून एकावर एक दोन मुठी रचल्या की तिथंच तो. पोरींच्या मुठी लहान पण हात पण लहान, त्यामुळं त्यांचं गणित पण जुळतं. सप्तर्षींच्या शेपटीचा बाक तसाच पुढं ओढत नेला की तांबूस-पिवळी स्वाती लागते आणि अजून पुढं पांढरी चित्रा. अकराच्या सुमाराला आग्नेयेला अख्खा वृश्चिक वर आलेला असतो, मधे लालसर ज्येष्ठा, शेपटीचा आकडा अगदी विंचवासारखा.

आभाळातल्या विंचवावरून खालचा आठवला, आणि इथं मी सासूबाईंच्या बाजूनं आहे. त्या आडमुठेपणानं बोलतात असं तुम्हाला वाटतंय, पण 'कोन जिम्मेदार' हा प्रश्न बरोबरच आहे, उत्तर तुम्ही द्यायचंय. गच्चीचा कठडा पोरींच्या छातीपर्यंत येत नसेल तर गच्चीवर झोपवायचं नाही, चांदण्या बघून खाली. अंथरुणं टाकायच्या आधी प्रत्येक गोधडी-सतरंजी झटकायची, सकाळी चपला झटकून घालायच्या, रात्री बाथरूमला जायच्या वाटेवर लाइट चालू. विंचू चावलाच तर मंत्र-बिंत्र नाही, तडक दवाखाना. त्यावरच्या उपचारासाठी ज्यांचं जगभर नाव झालं ते डॉ. हिंमतराव बावस्कर आपल्या जालना जिल्ह्यातलेच, २०२२ ला पद्मश्री मिळाली त्यांना, तरी आपल्याकडं अजून उतारा टाकणारे शोधत फिरतात लोक! गाडी कुणाची आणि कुठल्या दवाखान्यात रात्री डॉक्टर असतात हे आधी बघून ठेवा. गच्चीच्या दाराशी, जिन्याच्या तोंडावर, मोठ्या माणसाचं अंथरूण, तुमचं नाहीतर सासूबाईंचं. आणि सासूबाईंना परवानगी मागू नका, काम द्या. कोडी त्यांच्याकडं, पंचगिरी त्यांच्याकडं. ज्या म्हाताऱ्या माणसाला चार पोरी 'आजी अजून एक, आजी अजून एक' म्हणत चिकटतात ते माणूस पुढच्या वर्षी स्वतःहून विचारतं, औंदा कधी यायलेत लेकरं?

आयांना मेसेज असा टाका, हवा तर हाच उचला: 'शनिवारी साडेपाचला घेऊन या, रविवारी सकाळी नऊला न्यायला या. गिफ्ट आणू नका, एक चादर, उशी आणि टूथब्रश द्या. घरात रात्री मी आणि सासूबाई असू. काही खात नसेल, औषध चालू असेल, अजून काही सांगायचं असेल तर मला एकटीला फोन करा. रात्री तिला घरी यावंसं वाटलं तर कितीही वाजले तरी फोन करीन, वाईट वाटून घेणार नाही.' ती 'एकटीला' ओळ महत्त्वाची आहे, कुणाची पोर अजून कधीमधी अंथरूण ओलं करते आणि आई ग्रुपवर सांगू शकत नाही. बाथरूममध्ये पॅडचं पाकीट सहज दिसेल असं ठेवा, ह्या वयात एखादीची पाळी सुरू झालेली असू शकते, त्याबद्दल काही बोलायची गरज नाही. रात्री अकराला एखादी 'मला आईकडं जायचंय' म्हणून रडायला लागली तर आग्रह करू नका, फोन लावा. ती गेली म्हणजे तुमचा कार्यक्रम फसला असं नसतं, पुढच्यावेळी ती पूर्ण रात्र राहते.

हसतील का शाळेत? एखादी हसेलही. दहा वर्षांच्या पोरीला ते लागतं, खोटं कशाला सांगू. लेक हिरमुसून आली तर 'त्यात काय एवढं' म्हणू नका, ऐकून घ्या. पण ती यादी करताना, चिठ्ठ्या लिहिताना, चिंचोके गोळा करताना तुमच्यासोबत असेल तर तो कार्यक्रम तिचा असतो, आईनं स्वस्तात उरकलेला नाही, आणि मग कुणी बोललं तर तीच तोंड देते. म्हणून सगळं तयार करून तिच्यासमोर ठेवू नका, तिलाच कामाला लावा, आजपासून.

तारखेचं लवकर ठरवा, मे उजाडला की निम्म्या पोरी मामाच्या गावाला पळतात, मग बोलवायला कुणी उरत नाही. आणि मिस्टरांनी त्या रात्री कुठं झोपावं हे तुम्ही शेवटी कंसात विचारलंय, तर दिराकडं किंवा दुकानात झोपू द्या. त्यांच्यावर कुणाचा अविश्वास म्हणून नाही, पण मेसेज वाचून बाकीच्या आया पहिलं तेच बघतात आणि विचारायला संकोचतात. जेवून, केक खाऊन जाऊ द्या त्यांना. जाताना फक्त त्यांच्याकडून टॉर्चचे सेल बदलून घ्या आणि दुकानातला एक चार्जिंगचा दिवा मागून ठेवा.